दारापर्यंत पोचवणारी

सेव्दाला मतिमंद ठरवणाऱ्या कागदावर तीन सह्या आहेत. त्यातली एक माझी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मी कोणी धुतल्या तांदळासारखी आहे असा तुमचा समज व्हायला नको.

साल एकोणीसशे शहात्तर. मी सव्वीस वर्षांची, सोफियाहून शिकून आलेली, गोर्ना क्रुशाच्या शाळेत पहिलीची बाई. ऑगस्टअखेर जिल्ह्याहून एक डॉक्टर आणि एक मानसशास्त्रज्ञ यायचे, बरोबर एक पेटी. पेटीत चित्रं, ठोकळे, दोऱ्यात ओवायचे मणी. मोहल्ल्यातली, म्हणजे गावाच्या कडेच्या वस्तीतली, मुलं शाळेच्या पायऱ्यांवर रांगेनं बसवायची आणि एकेकाला आत घ्यायचं. त्सिगानी, म्हणजे जिप्सी, म्हणायचो आम्ही त्यांना. रोमा म्हणायला फार पुढे शिकलो. गावातल्या बाकीच्या मुलांना पेटीपुढे बसावं लागत नसे, ती थेट माझ्या वर्गात येत. याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. आता वाटतं. आता वाटून काय उपयोग?

सेव्दा सात वर्षांची. केस फितीऐवजी सुतळीनं बांधलेले. घरी रोमा भाषा, आमची बल्गेरियन येत होती ती दुकानात मीठ मागण्यापुरती. मानसशास्त्रज्ञांनी विचारलं, "साखर कुठे ठेवतात?"

ती म्हणाली, "आजीकडे."

"घरात कुठे?"

"आजीकडे."

त्यांनी शून्य लिहिलं. बरोबर उत्तर होतं कपाटात, नाहीतर साखरदाणीत. तिची आजी साखरेची पुरचुंडी कमरेला बांधून हिंडते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, मलाही. मी शेजारीच बसले होते. बोलले नाही. बाहेर अजून चौदा मुलं होती, आणि डॉक्टरांच्या जेवणाला कोकरू लावलेलं होतं.

त्या वर्षी मोहल्ल्यातल्या सतरा मुलांपैकी पंधरा साहाय्यक शाळेत गेली. साहाय्यक शाळा म्हणजे मंदबुद्धी मुलांची शाळा. नाव तेवढं सभ्य. आईबाप रडले वगैरे म्हणाल तर नाही. तिथे वसतिगृह होतं, तीन वेळचं जेवण, हिवाळ्यात बूट. सेव्दाची आई तर माझ्यासाठी अंडी घेऊन आली. मी ती घेतली.

आठ वर्षं सेव्दा तिथे पोती शिवायला, पुठ्ठ्याचे खोके जोडायला आणि शंभरपर्यंत मोजायला शिकली. परत आली तेव्हा हातात एक दाखला होता. त्या दाखल्यावर तिला ट्रॅक्टर चालवायचा परवानासुद्धा मिळाला नसता. सोळाव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षापर्यंत दोन मुलगे. नवरा पुढे जर्मनीला गेला आणि तिकडचाच झाला. सेव्दा आमच्या शाळेत झाडूपोछा करायला आणि शेगड्या पेटवायला लागली.

तिची खरी ओळख मला तिथे झाली. तोवर मी वरच्या वर्गांनाही शिकवत होते. एकदा मी वर्गात कोणाला तरी उभं करून विचारत होते, सात आठे किती. पोरगा छताकडे बघतोय. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, "छप्पन्न!"

मी तणतणत बाहेर गेले. "काय गं, तुला कोणी विचारलं?"

"नाही बाई. फडक्याशी बोलत होते."

पुढे कधीतरी शेगडीपाशी बसून तिनंच विषय काढला. "बाई, रागावू नका, पण साखर खरंच आजीकडेच होती." आणि हसली. मला हसू आलं नाही. माफी मागायला हवी होती, ती मी आणखी दहा वर्षांनी मागितली, तेव्हा ती म्हणाली, "जाऊ द्या हो, बूट चांगले होते."

तर आता बस.

दोन हजार आठ साली सरकारनं लहान शाळा बंद केल्या. आमच्या पटावर एक्केचाळीस मुलं. नियमाला कमी पडली. सगळ्यांनी अकरा किलोमीटरवरच्या ब्रेस्तोवोच्या मोठ्या शाळेत जायचं. सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. नवी पिवळी बस दिली, पुस्तकं फुकट, सकाळी गरम नाश्ता, ब्रेस्तोवोच्या शाळेला नव्या खिडक्या. त्या पेटीवाल्या परीक्षासुद्धा तोवर बंद होत आल्या होत्या. कागदावर बघाल तर आमची मुलं एका उडीत दोन पायऱ्या वर गेली.

पंधरा सप्टेंबरला बस चौकात उभी राहिली. मुलगे चढले. लहान मुली चढल्या. पाचवीच्या पुढची एकही मुलगी आली नाही.

मी तेव्हा निवृत्तीच्या दारात होते, तरी मोहल्ल्यात गेले. पहिल्याच घरी आई दारात उभी.

"बसमध्ये कोण असतं?"

"ड्रायव्हर."

"पुरुष?"

"मग काय घोडा?"

"मग नाही, बाई."

"अगं, अकरा किलोमीटर!"

"अकरा असो, नाहीतर एक. परक्या पोरांबरोबर माझी मुलगी बंद गाडीत बसली, बरोबर मोठी बाई नाही. संध्याकाळपर्यंत कोणीतरी येईल मागणी घालायला. आणि नाही म्हटलं तर लोक म्हणतील, हिला कोण घेणार आता?"

मी तिला मागासलेली म्हटलं, तोंडावर. ती म्हणाली, "तुम्हाला काय जातं, तुमच्या मुलीला कोणी उचलून नेत नाही." दार बंद.

दोन आठवडे असेच गेले. मग एक दिवस सेव्दा बसमध्ये बसलेली दिसली. तिला ब्रेस्तोवोच्या शाळेत झाडूपोछाचंच काम मिळालं होतं, बसनंच जायचं होतं. पण ती एकटी नव्हती. मागच्या बाकांवर सहा मुली होत्या, सहावी-सातवीतल्या.

तिनं काय केलं होतं ते सांगते, कारण सगळं त्यावरच उभं होतं. ती सकाळी घरोघर गेली. प्रत्येक आईला म्हणाली, मुलीचा हात माझ्या हातात दे. तुझ्या दारात घेईन, तुझ्या दारात परत देईन. आईनं उंबऱ्यावर उभं राहून मुलीचा हात सेव्दाच्या हातात द्यायचा. संध्याकाळी सेव्दानं तो आईच्या हातात द्यायचा आणि आईनं मोठ्यानं म्हणायचं, "मिळाली." शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. तोवर सेव्दा दारातून हलायची नाही. चौदा वर्षांच्या मुली लाजून लाल व्हायच्या. "मावशी, मी काय बाळ आहे का?" सेव्दा म्हणायची, "नाहीस, म्हणून तर धरलाय."

बसमध्ये मुलगे पुढे, मुली मागे, मधल्या बाकावर सेव्दा, वाटेत पाय पसरून. ड्रायव्हर गांचो तिला चिडवायचा. "सेव्दा, बस मी चालवतो की तू?"

"चाकं तू चालव. बाकीचं माझ्याकडे."

"आणि मी मागे बघितलं तर?"

"तर झाडात घालशील. समोर बघ."

दहा वर्षं हे चाललं. कोणी तिला हे काम सांगितलं नव्हतं, कुठल्या यादीत ते नव्हतं. तिचं काम फरशा पुसणं. दोन हजार अठरा साली पाचवी ते सातवीत मोहल्ल्यातल्या एकोणीस मुली होत्या. त्याआधीच्या तिघी जिल्ह्याच्या गावी पुढे शिकायला गेल्या, त्यातली एक आज प्लोव्दिवला परिचारिका आहे. बाहेरच्या माणसाला एकोणीस हा आकडा काय वाटेल कोण जाणे. मी तिथे चौतीस वर्षं शिकवलं आणि माझ्या हातून त्या वयाच्या एकोणीस मुली सगळ्या मिळूनही गेल्या नसतील.

त्या एकोणिसातली रायना. यांकोची मुलगी, सातवीत. गणितात अशी, की शिक्षकानं फळ्यावर उदाहरण पुरतं लिहायच्या आत ही खिडकीबाहेर बघायला लागायची. सातवीच्या अखेरीला सगळ्या देशाची एकच परीक्षा होते आणि तिच्या गुणांवर पुढची शाळा ठरते. जिल्ह्याच्या गावच्या चांगल्या शाळेला वसतिगृह आहे, मुलींचं, बाईच्या देखरेखीखाली. सेव्दानं यांकोला वर्षभर घोळात घेऊन कबूल केलं होतं: रायना पास झाली तर जाईल.

आणि मग त्या ऑक्टोबरात झोर्नित्सा माझ्याकडे आली. ती ब्रेस्तोवोची मुख्याध्यापिका, एकेकाळची माझीच विद्यार्थिनी. हातात बनित्साचं ताट. ती खायला घेऊन आली की काहीतरी वाईट असतं, लहानपणापासूनची सवय.

"बाई, सेव्दाला बसमधून उतरवावं लागणार."

"का? काय केलंन तिनं?"

"काही नाही. नवा आदेश आलाय. मुलांबरोबर बसमध्ये असणारा माणूस रीतसर नेमलेला हवा. आता त्यासाठी सरकारनं जागाही दिलीय, पगारासकट. चांगलीच गोष्ट आहे, इतकी वर्षं आपणच मागत होतो."

"मग नेम की तिला."

"शिक्षण लागतं. तिचा दाखला साहाय्यक शाळेचा. तो धरत नाहीत."

झोर्नित्साला त्या सहीचं माहीत नव्हतं. मी सांगितलं. तिनं बनित्साचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.

"एक वाट आहे," ती म्हणाली. "पाचवी, सहावी, सातवी बाहेरून देता येते. उन्हाळ्याआधी सातवी पास झाली आणि पुढे आठवीला नाव घातलं, तर मी तिला तात्पुरतं नेमू शकते. तपासणीवाल्यांना दाखवायला माझ्याकडे काहीतरी कागद पाहिजे, बाई."

"आणि तोवर?"

"तोवर दुसरी मुलगी येईल. पदवीधर आहे. चांगली आहे हो."

चांगलीच होती. त्स्वेता तिचं नाव, चोवीस वर्षांची, शहरातली. मुलांसाठी रंगीत खडू आणायची, गाणी म्हणून घ्यायची. संध्याकाळी बस चौकात थांबली की प्रत्येक मुलाला "टाटा" करायची आणि परत बसमध्ये चढायची. सेव्दा तिला भेटायला गेली, मीही बरोबर होते. सेव्दानं हात हातात द्यायचं सगळं समजावून सांगितलं.

त्स्वेता म्हणाली, "पण मावशी, आदेशात थांबा लिहिलाय, दार नाही. मी थांबा सोडून गेले आणि मागे बसमध्ये काही झालं तर माझी नोकरी जाईल. आणि खरं सांगू? मुलींना असं हाताला धरून नेणं मला पटत नाही. त्या काय सामान आहेत का?"

मला तिचं पटलं, आणि तिच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली.

सेव्दाला मी माझ्या स्वयंपाकघरात शिकवायला बसवलं. दुपारी तीन ते साडेचार. फरशा पुसायचं काम तिला होतंच, पण त्यासाठी आता ती पहाटेच्या साध्या प्रवासी गाडीनं ब्रेस्तोवोला जाई आणि दुपारी परत येई. एकोणपन्नास वर्षांची बाई, पाचवीचं पुस्तक. पहिल्या दिवशी मला कळलं की तिला निम्मं येतंय. तीस वर्षं दाराबाहेर फरशी पुसताना कानावर पडलेलं सगळं डोक्यात होतं, फक्त क्रमानं नव्हतं. अपूर्णांक येत होते, भागाकार नाही. पेशीत केंद्रक असतं हे माहीत होतं, पेशी कशाला म्हणतात ते नाही.

"कारण तुम्ही पेशी शिकवायचात तेव्हा मी वरच्या मजल्यावर असायचे," ती म्हणाली.

"आणि तुर्की राजवट?"

"तेव्हा संडास धुवायचे. ती मला अजिबात येत नाही."

मी तिच्यावर ओरडायचे, मला धीर नाही, कधीच नव्हता. ती वही मिटून म्हणायची, "बाई, पोरांवर एवढं ओरडला असतात तर काढून टाकलं असतं तुम्हाला." पण बरोबर साडेचारला उठायची, काहीही झालं तरी. वाक्य अर्धं असलं तरी. पाच वाजता बस चौकात यायची, आणि ती तिथे उभी असायची. बसमध्ये चढायला बंदी होती, चौकात उभं राहायला नव्हती. तिथून ती जमेल तितक्या मुलींना दारापर्यंत नेई.

पण ते अर्धंच काम झालं. चौकात ती होती, बसमध्ये नव्हती. मोहल्ल्याला तेवढं पुरलं. नोव्हेंबरात चार मुली बंद झाल्या, नाताळानंतर आणखी पाच, मग दोन. फेब्रुवारीत आठ उरल्या. मी झोर्नित्साला विचारलं, यांची नोंद काय करता? ती म्हणाली, "बाहेरून परीक्षा देणार असं लिहून घेतो पालकांकडून. म्हणजे त्या गळालेल्या धरत नाहीत." माझ्याकडे न बघता म्हणाली. आता ओरडायचं तरी कोणावर?

रायना राहिली, कारण यांकोनं शब्द दिला होता आणि सेव्दा रोज तिला आधी पोचवत होती. "बाकीच्या माझ्या मुली आहेत," सेव्दा म्हणाली, "पण ही पार जाणार. हिला जाऊ द्या, मग मागच्यांना दाखवायला कोणीतरी होईल."

पाचवी आणि सहावी ती जानेवारीत देऊन पास झाली. सातवीची परीक्षा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, ब्रेस्तोवोलाच, चार दिवस. पहिले तीन दिवस पेपर सकाळी होते. शेवटचा, इतिहासाचा, काही कारणानं दुपारी ठेवला: तीन ते सहा. सेव्दानं वेळापत्रक बघितलं आणि म्हणाली, "मग मी हा नाही देत."

"वेड लागलंय का? तीन पेपर दिलेस!"

"पाचला बस येते."

"एक दिवस येऊ दे. मी जाते चौकात."

माझ्याकडे तिनं असं बघितलं, की मला माझं वय कळलं. मी गुडघ्यानं अधू, आणि त्याहून मोठं म्हणजे मी परकी. मोहल्ल्यात आमच्यासारख्यांना गाजे म्हणतात. गाजेच्या हातातून मिळालेली मुलगी मिळाली असं धरत नाहीत. तरी मी म्हटलं, "यांकोच्या बायकोला सांग, चौकात येऊन उभी राहा म्हणावं." सेव्दानं सांगितलं. बायको हो म्हणाली.

त्या दिवशी गारांचा पाऊस झाला. यांकोच्या बायकोच्या धाकट्याला ताप भरला, ती निघू शकली नाही. मी चौकात होते. छत्री उलटी झाली होती. बस आली, त्स्वेतानं टाटा केलं, मुली डोक्यावर दप्तरं धरून पळाल्या. मी रायनाला हाक मारली, ती म्हणाली, "बाई, जाते मी, जवळच तर आहे." माझे गुडघे तिच्यामागे धावले नाहीत. तिच्या बरोबर एक मुलगा चालायला लागला, साशो, सतरा वर्षांचा. शाळेत नव्हता तो, दुकानाच्या पत्र्याखाली उभा होता. त्यानं तिचं दप्तर घेतलं आणि आपलं जाकीट तिच्या डोक्यावर धरलं. दोघं हसत चढ चढून गेली. दोनशे पावलं असतील. मी बघत होते आणि मला, खरं सांगते, ते गोड वाटलं.

साडेसहाला सेव्दा पेपर देऊन परतली, गांचोनं तिला स्वतःच्या गाडीतून आणलं. माझ्या दारात भिजत उभी, तोंडभर हसू. "बाई, तुर्की राजवट आली! तीच आली! लिहिली मी!" मग म्हणाली, "रायना?"

मी सांगितलं. जाकिटाचंही सांगितलं. तिच्या तोंडावरचं हसू गेलं.

आम्ही दोघी यांकोकडे गेलो. टेबलावर राकियाची बाटली होती, गळ्याला लाल फीत. साशोची आई आणि मामा टेबलाशी. बाटली फोडलेली होती, पेले भरलेले होते. बाप त्यातून प्यायला की मुलगी दिली. यांकोचा पेला रिकामा होता.

सेव्दा बसली नाही. "यांको, शब्द दिला होतास."

"दिला होता, सेव्दाताई. तू पण दिला होतास. दारात देईन म्हणाली होतीस."

"एक दिवस. एक दिवस मी नव्हते."

"सगळ्या मोहल्ल्यानं बघितलं. एका जाकिटाखाली. मी काय सांगू लोकांना, पाऊस होता?"

"हो! तेच सांग! पाऊस होता!"

साशोची आई शांतपणे म्हणाली, "आमचा मुलगा वाईट नाही. आणि आम्ही लगेच आलो, वाट बघायला लावली नाही. दुसरी कोणी असती तर महिनाभर बोभाटा होऊ दिला असता."

तिला खरंच वाटत होतं की ती भल्याचं करतेय. रायना आतल्या खोलीच्या दारात उभी होती, ओल्या केसांनी. बोलले ते मी, भरपूर. कायदा काढला, वय काढलं, पोलीस काढले. यांकोनं मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "बसा बाई, गुडघे दुखत असतील."

मी तक्रार केली. लेखी, तीन ठिकाणी. बालकल्याण खात्याच्या एक बाई आल्या, वहीत लिहून गेल्या. घरच्यांनी सांगितलं, लग्न कुठे झालंय, नुसता शब्द झालाय. त्या म्हणाल्या, मग ठीक. ईस्टरनंतर रायना साशोच्या घरी राहायला गेली. चौदा वर्षं पुरी.

सेव्दा सातवी पास झाली. इतिहासात सहापैकी पाच. दाखला घ्यायला गेलीच नाही, झोर्नित्सानं आणून दिला.

जूनमध्ये देशाची परीक्षा. सेव्दा साशोच्या आईकडे गेली. मी नव्हते, तिनं सांगितलं ते सांगते. रडणं-भांडणं काही नाही. म्हणाली, "सातवी पास नसेल तर रस्ते झाडायचं कामसुद्धा मिळत नाही, मला विचार. दोन सकाळी दे मला तिच्या. मी नेते, मी आणते." साशोच्या आईला कामाचं पटलं. रायनानं दोन पेपर दिले. सेव्दा दोन्ही दिवस वर्गाबाहेर भिंतीला टेकून उभी.

गणितात शंभरपैकी ब्याण्णव. शाळेत पहिली. जुलैत जिल्ह्याच्या पत्रकात आलं की ग्रामीण शाळांत सर्वात मोठी झेप ब्रेस्तोवोची, गळती शून्य. झोर्नित्साला जिल्ह्याहून फुलं आली. तिनं ती बादलीत ठेवली आणि तशीच सुकू दिली.

आणि चांगल्या शाळेच्या यादीत रायनाचं नाव लागलं, अकरावं. नाव घालायला तीन दिवस. आई किंवा बाप, मूळ दाखला घेऊन, स्वतः. सेव्दा पहिल्या दिवशी यांकोकडे गेली, तो म्हणाला, आता ती त्यांची. साशोच्या घरी गेली, ते म्हणाले, आम्ही तिचे आईबाप नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी यांको एवढंच म्हणाला, "बघतो, दुपारी जमलं तर येतो." ती मला घेऊन जिल्ह्याच्या गावी, त्या शाळेत गेली. कुठल्या आशेवर ते विचारू नका.

खिडकीमागे एक तरुण कारकून. "मुलीच्या आपण कोण?"

"मी तिला बसमध्ये नेते."

"आई?"

"नाही."

"पालकत्वाचा कागद?"

"नाही. हात दिला होता तिच्या आईनं."

त्याला काय कळणार? तो सभ्यपणे म्हणाला, "पाचपर्यंत पालक आले तर बघू."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. शेजारच्याच खिडकीवर बाहेरून शिकणाऱ्यांची नावं घेत होते. मी सेव्दाला म्हटलं, "तुझा दाखला आणलायस ना? आठवीला नाव घाल. आजच घाल."

"नाही घालायचं."

"सेव्दे."

"मला नाही शिकायचं, बाई. ती तिकडे भांडी घासतेय आणि मी इथे पन्नासाव्या वर्षी आठवी? लाज वाटते मला."

"वाटू दे. नाव नाही घातलंस तर झोर्नित्सा तुला नेमू शकत नाही. सप्टेंबरात पुन्हा त्स्वेता. नव्या पाचवीतल्या धरून आठ मुली आहेत, त्यातल्या दोन पुढच्या वर्षी सातवीत."

"आठ नाही. सहा. दोघींच्या घरी परवा बाटली गेली."

"मग सहा."

तिनं पिशवीतून दाखला काढला. मग उठली, खिडकीपाशी गेली, दाखला आत सरकवला. सही करताना तिचा हात थांबला, कारकुनीण म्हणाली, "इथे, आजी, खाली." तिनं सही केली.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. आमची परतीची बस साडेचारला. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, तुम्ही जा, यांको येईलसुद्धा. मी बसून राहिले. पाच वाजता कारकुनानं खिडकीचा पडदा ओढला, दार लावून बाहेर आला, आणि आम्ही अजून बसलोय हे बघून म्हणाला, "आज्यांनो, इमारत बंद करायची आहे."